गोष्टीला फाटे फोडायचेत? मग साधन नीट निवडा!



मागच्या वेळी आपण घरातले जुने फोटो फोनमध्ये नीट कसे जपायचे ते पाहिलं. आज फोटो नाहीत, गोष्टी आहेत. आणि गोष्टीही अशा, ज्यात पुढे काय होणार हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

सुरुवात झाली आमच्या घरच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलपासून. माझी ताई इंदूरला असते, मी नोकरीसाठी बंगळुरूत आणि आजी नाशिकला. ताईचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. रविवारी रात्री जेवणं झाली की आजी त्याला फोनवर गोष्ट सांगते. एका रविवारी तिने म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेतली. तुम्हाला ती माहीत असेलच. म्हातारी लेकीकडे निघते, जंगलात वाघ भेटतो, 'आत्ता मला खाऊन काय मिळणार, लेकीकडून गुटगुटीत होऊन येते' असं सांगून ती सुटते आणि परतताना भोपळ्यात बसून वाघाला चकवते.

आजी वाघापर्यंत पोचली आणि भाच्याने मध्येच विचारलं, "मोठी आजी, पण म्हातारी वाघाशी खोटं बोललीच नाही तर?"

ताई ओरडली, "अरे, गोष्टीला फाटे नको फोडूस. ऐक गपचूप."

आजी म्हणाली, "फोडू दे गं फाटे. बघूया तरी काय होतं ते." आणि तिने चक्क दुसरीच गोष्ट सांगायला घेतली. म्हातारी खरं बोलते. वाघ विचारात पडतो. म्हणतो, "माझीही आई म्हातारी आहे, दात पडलेत तिचे. लेकीकडून येताना तिच्यासाठी काहीतरी मऊ घेऊन ये."

त्या रात्री भाचा झोपायलाच तयार नव्हता. आणि मला वाटलं, ही गोष्ट अशीच, फाट्यांसकट, त्याच्या हातात द्यायची. आजीला दुसऱ्या दिवशी फोन लावला, तिच्या शब्दांत ती गोष्ट टाइप करून घेतली आणि गेमबुक बनवायचं साधन शोधायला बसले.

शोधताना लक्षात आलं की साधनं ढीगभर आहेत, पण 'मराठीत लिहिणाऱ्या, कोडिंग न येणाऱ्या माणसाने कोणतं घ्यावं' हे सांगणारं कुणी नाही. माझं स्वतःचं बी.ए. इंग्रजीत झालंय, कोडिंगशी संबंध शून्य. म्हणून मी जे धडपडत शिकले ते आज तुमच्यासाठी.

गेमबुक म्हणजे काय?

थोडक्यात सांगते. थोडा मजकूर वाचायचा, मग समोर दोन-तीन पर्याय येतात. 'डावीकडे जायचं असेल तर पान २३ उघडा, विहिरीत डोकवायचं असेल तर पान ४०.' म्हणजे नायक तुम्हीच.

इंग्रजीत हा प्रकार लोकप्रिय झाला तो १९७९ साली आलेल्या 'द केव्ह ऑफ टाइम' या एडवर्ड पॅकर्ड यांच्या पुस्तकापासून. 'चूझ युअर ओन अ‍ॅडव्हेंचर' या मालिकेतलं ते पहिलं. पुढे १९८२ मध्ये स्टीव्ह जॅक्सन आणि इयन लिव्हिंगस्टन या दोघांनी 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' लिहिलं. त्यात ४०० परिच्छेद होते आणि लढाईसाठी चक्क फासे टाकायचे होते. अलीकडचं उदाहरण म्हणजे २०१८ च्या डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सवर आलेला 'बँडरस्नॅच'. त्यात प्रेक्षकच रिमोटने ठरवायचा की नायक काय करणार. त्याचं लेखन करताना चार्ली ब्रूकर यांनी जे साधन वापरलं, ते तुम्ही-आम्हीही फुकट वापरू शकतो. त्याच्याकडे येतेच.

आधी कागद, मग संगणक

माझी पहिली चूक इथेच झाली. मी थेट लॅपटॉप उघडला. तुम्ही तसं करू नका.

एक साधा हिशोब बघा. प्रत्येक ठिकाणी दोन पर्याय दिले आणि वाचणाऱ्याने अशा दहा निवडी करायच्या असं ठरवलं, तर शेवट किती होतील? १०२४! एवढे शेवट कोण लिहिणार? म्हणूनच जाणती मंडळी फाटे फोडतात आणि पुन्हा एकत्र आणतात. बेटाला वळसा घालून नदीचे दोन प्रवाह पुढे परत मिळतात, तसं.

आमच्या गोष्टीत ती मिळण्याची जागा म्हणजे लेकीचं घर. म्हातारी जंगलात कोणत्याही वाटेने जावो, वाघाशी खरं बोलो की खोटं, लेकीकडे ती पोचतेच. तिथून परत नवे फाटे: भोपळ्यात बसायचं, जावयाला सोबत घ्यायचं, की दुसऱ्याच वाटेने जायचं?

हे सगळं मी जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोनी तुकडे करून त्यांच्यावर लिहिलं. एका तुकड्यावर एक प्रसंग. जमिनीवर मांडले आणि मध्ये दोरे ठेवले. २३ प्रसंग आणि ५ शेवट झाले. अर्ध्या तासात कळलं की कुठला धागा लोंबकळतोय आणि कुठला शेवट फार लवकर येतोय.

आणखी एक गोष्ट याच मांडणीत कळली. म्हातारीला वाटेत कोल्हा भेटतो. तिने आपल्या शिदोरीतली भाकरी त्याला दिली, तर परतीच्या वाटेवर तो मदतीला येतो. दिली नाही, तर येत नाही. म्हणजे गोष्टीला काहीतरी *लक्षात ठेवावं* लागणार होतं. साधन निवडताना हा मुद्दा फार कामाचा ठरला.

निवडण्याआधी स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

१. वाचणारा कशावर वाचणार? आपल्याकडे उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: फोनवर. मग अ‍ॅप डाउनलोड करा, खातं उघडा, असं काही मध्ये आलं की वाचणारा तिथेच थांबतो. लिंक दाबली की गोष्ट सुरू व्हायला हवी.

२. गोष्टीला काय लक्षात ठेवायचंय? काहीच नाही, एखादी गोष्ट (भाकरी दिली की नाही), की पुष्कळ काही (पैसे, ताकद, मैत्री, वेळ)? याच उत्तरावर साधं साधन पुरेल की मोठं लागेल हे ठरतं.

३. गोष्ट कुणाच्या हातात राहणार? तयार झालेली फाइल तुमच्याकडे येते का? उद्या ती वेबसाइट बंद पडली तर तुमची गोष्ट उरते का? मी या प्रश्नाकडे सुरुवातीला लक्षच दिलं नाही. त्याची किंमत काय मोजली, ते पुढे सांगते.

आता एकेक साधन बघू.

गुगल फॉर्म: घरात जे आहे त्यातून

हसू नका! ज्यात आपण सोसायटीच्या सहलीसाठी नावं गोळा करतो, त्याच गुगल फॉर्ममध्ये गेमबुक बनवता येतं. फॉर्मचे वेगवेगळे विभाग करायचे, प्रत्येक विभागात एक प्रसंग लिहायचा आणि खाली पर्यायांचा प्रश्न टाकायचा. त्या प्रश्नाच्या सेटिंगमध्ये 'उत्तरानुसार अमुक विभागात जा' अशी सोय असते. झालं गेमबुक.

फायदे: फुकट आहे, मराठी व्यवस्थित दिसतं, लिंक पाठवली की कुणाच्याही फोनवर उघडतं. शिवाय कुणी काय निवडलं ते तुम्हाला नंतर बघता येतं. शाळेत शिकवणाऱ्या वाचकांना हे फार आवडेल.

तोटे: दिसायला ते फॉर्मच दिसतं आणि शेवटी 'सबमिट' दाबावं लागतं. आणि मुख्य म्हणजे याला स्मरणशक्ती नाही. कोल्ह्याला भाकरी दिली होती हे ते पुढे लक्षात ठेवू शकत नाही. मग प्रत्येक प्रसंग दोनदा लिहायचा, एकदा 'दिली' साठी आणि एकदा 'नाही दिली' साठी. पहिल्या छोट्या प्रयोगाला उत्तम, मोठ्या गोष्टीला अपुरं.

पॉवरपॉइंटसारख्या स्लाइडवर लिंक लावूनही लोक असं करतात. पण तिथे बोट भलतीकडे लागलं की गोष्ट आपोआप पुढच्या स्लाइडवर उडी मारते आणि लहान मुलांची बोटं कुठे लागतील याचा नेम नाही.

ट्वाइन: पत्रिकांचे तुकडे, पण पडद्यावर

ब्रूकर यांनी वापरलेलं साधन ते हेच. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये बनवलेलं ट्वाइन पूर्णपणे मोफत आणि मुक्तस्रोत आहे. उघडलं की समोर मोकळी जागा दिसते. त्यावर प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन आणि चौकोनांमध्ये बाण. माझे जमिनीवरचे तुकडे आणि दोरेच जणू!

फाटा फोडायचा तर फक्त दोन-दोन चौकोनी कंस टाकायचे. असं:

[[वाघाशी खरं बोल->वाघाची आई]]

बाणाच्या डावीकडे वाचणाऱ्याला दिसणारा पर्याय आणि उजवीकडे पुढच्या प्रसंगाचं नाव. तो प्रसंग नसेल तर ट्वाइन त्याचा कोरा चौकोन आपोआप तयार करून देतं. प्रसंगांची नावं मराठीत ठेवली तरी चालतात.

'भाकरी दिली का' हे लक्षात ठेवायला छोट्या सूचना लिहाव्या लागतात आणि त्या इंग्रजी शब्दांत असतात. इथे एक गंमत कळली. ट्वाइनमध्ये आधी एक 'स्टोरी फॉरमॅट' निवडायचा असतो. हार्लो, शुगरक्यूब, चॅपबुक, स्नोमॅन अशी त्यांची नावं. प्रत्येकाची सूचना लिहिण्याची पद्धत वेगळी. एकाची सूचना दुसऱ्यात चालत नाही. म्हणून आधी एक फॉरमॅट ठरवा आणि इंटरनेटवर मदत शोधताना त्याचं नाव जोडूनच शोधा. मी दोन संध्याकाळी शुगरक्यूबच्या सूचना हार्लोमध्ये घालून 'हे चालत का नाही' म्हणून डोकं धरून बसले होते! नवख्यांनी हार्लोवरच राहावं. ट्वाइन सुरुवातीला तोच देतं.

सगळ्यात मोठा फायदा: तयार गोष्ट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये मिळते. चित्रं-आवाज नसतील तर फोनवर काढलेल्या एका फोटोपेक्षाही ती लहान असते. ब्राउझरमध्ये उघडते, इंटरनेट नसलं तरी चालते.

तोटा: वाचायला फोन उत्तम, पण बनवायला लॅपटॉप किंवा संगणक हवा. एवढे चौकोन आणि बाण फोनच्या पडद्यावर सांभाळता येत नाहीत.

इंक: ज्यांना सलग लिहायला आवडतं त्यांच्यासाठी

केंब्रिजच्या इंकल या स्टुडिओने स्वतःचे खेळ लिहिण्यासाठी इंक बनवलं आणि २०१६ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. ज्यूल व्हर्न यांच्या ८० दिवसांतल्या पृथ्वीप्रदक्षिणेवर आधारलेला '८० डेज' हा त्यांचा २०१४ चा खेळ. त्यात आपण फॉग साहेबांचा नोकर पासपार्तू असतो आणि कुठल्या गाडीने, कुठल्या शहरातून जायचं ते ठरवतो.

इथे चौकोन नाहीत. वहीत लिहितो तसं वरून खाली लिहीत जायचं. ओळीच्या सुरुवातीला चांदणीचं चिन्ह टाकलं की तो पर्याय होतो. इंकी नावाच्या मोफत संपादकात डावीकडे तुम्ही लिहिता आणि उजवीकडे गोष्ट लगेच चालून दिसते. वाचणाऱ्याने कुठला प्रसंग आधी पाहिलाय हे इंक स्वतःहून लक्षात ठेवतं. आमचा कोल्हा तिथे फार सुखात राहिला असता.

मग मी इंक का नाही घेतलं? नकाशा नाही म्हणून. मला फाटे डोळ्यांना दिसायला हवे होते. शिवाय प्रसंगांच्या आतल्या खुणा रोमन अक्षरांत ठेवाव्या लागतात, त्यामुळे कीबोर्ड सतत बदलत राहावा लागतो. पण तुम्ही संवाद भरपूर लिहिणारे असाल, तर इंक जरूर बघा. वेबसाठीची फाइल यातूनही काढता येते.

चॉइसस्क्रिप्ट आणि रेनपाय

चॉइसस्क्रिप्ट हे 'चॉइस ऑफ गेम्स' या कंपनीचं. लांबलचक कादंबरीसारख्या, पुष्कळ आकडे सांभाळणाऱ्या गोष्टींसाठी छान. नायकाचं धाडस किती, मान किती, हे दाखवणारं पान त्यात तयारच असतं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा एका घराने चुकली तरी गोष्ट अडते. दुसरी जास्त महत्त्वाची: हौसेसाठी ते फुकट आहे, पण गोष्ट विकायची असेल तर कंपनीची परवानगी लागते. ट्वाइन, इंक आणि रेनपायला अशी अट नाही.

रेनपाय हे चित्रकथेसाठी. मागे देखावा, पुढे पात्रं, खाली संवाद, सोबत संगीत. २००४ पासून आहे, मोफत आहे, अँड्रॉइड अ‍ॅपही बनवून देतं. घरात चित्र काढणारं कुणी असेल तर मजा येईल. पण काम मोठं आहे. एका भाच्यासाठी, एका दिवाळीच्या सुट्टीत होण्यासारखं नाही.

इन्फॉर्म हेही नाव तुमच्या कानावर येईल. त्यात वाचणाऱ्याने वाक्य टाइप करून खेळ पुढे न्यायचा असतो आणि ते सगळं इंग्रजीच्या व्याकरणावर उभं आहे. मराठी गेमबुकसाठी सध्या तो रस्ता सोडा.

मराठीची परीक्षा घ्या

हा भाग कृपया वगळू नका. कोणतंही साधन आवडलं तरी त्यात आधी ही एक ओळ टाका आणि *वाचणाऱ्याच्या फोनवर* उघडून बघा:

'कुऱ्हाड घेऊन आलेल्या स्त्रीने वाऱ्याच्या झुळकीत क्षणभर दृष्टी वर केली.'

ऱ्हा, स्त्री, ऱ्या, क्ष, दृ, ष्ट, सगळं त्यात आहे. जोडाक्षरं सुटी पडत असतील, पाय मोडलेली दिसत असतील किंवा वेलांटी भलत्या अक्षराला चिकटत असेल, तर ते साधन आपलं नाही.

असं का होतं? देवनागरीत अक्षरं नुसती एकापुढे एक बसत नाहीत. ती जोडली जातात, जागा बदलतात. ऱ्हस्व वेलांटी आपण टाइप करतो अक्षरानंतर, पण ती दिसते अक्षराच्या आधी. ब्राउझरला हे सगळं उत्तम जमतं. खेळ बनवायच्या काही सॉफ्टवेअरना मात्र ही जुळणी करता येत नाही. म्हणून जे साधन ब्राउझरमध्ये उघडणारी फाइल देतं, ते मराठीसाठी जास्त भरवशाचं.

त्यातही आपल्या 'वाऱ्या'तला ऱ्य हिंदीला लागत नाही. त्यामुळे 'हिंदी चालतं' असं कुठे लिहिलेलं दिसलं, तरी आपली ओळ टाकून बघाच. ल आणि श थोडे हिंदी वळणाचे दिसले तर मात्र घाबरू नका. तो फोनमधल्या फॉन्टचा भाग असतो, चूक नव्हे.

आणखी एक छोटी युक्ती. आकडेमोड करायची असेल तिथे १, २, ३ हे आपले अंक चालत नाहीत, इंग्रजी अंकच लागतात. वाचणाऱ्याला दिसणाऱ्या मजकुरात आपले अंक ठेवा, पडद्यामागे इंग्रजी.

आणि आता माझी फजिती

तिसऱ्या प्रश्नाचं काय झालं ते सांगायचं राहिलं.

पहिली आवृत्ती मी ब्राउझरमध्येच चालणाऱ्या एका साधनात लिहिली. आजीने सांगितलेली वाघाच्या आईची गोष्ट थेट तिथेच टाइप केली होती. कागदावर फक्त प्रसंगांची नावं होती, मजकूर नव्हता. दोन आठवड्यांनी लॅपटॉप हळू चालतोय म्हणून मी ब्राउझरचा साठलेला डेटा साफ केला. सगळाच. दुसऱ्या दिवशी साधन उघडलं तर पान कोरं.

चूक पूर्ण माझी. अशा साधनांत गोष्ट तुमच्या ब्राउझरच्या पोटात साठते. तो डेटा पुसला की गोष्टही पुसली. तुम्हाला फोटोंचा बॅकअप घ्या म्हणून सांगणारी मी, आणि माझीच ही गत!

आजीला परत फोन केला. म्हटलं, "आजी, ती वाघाच्या आईची गोष्ट परत सांग ना."

आजी म्हणाली, "मी वाघाची आई आणली होती का गं? मला नाही आठवत." मग तिने सांगितलं, पण वेगळंच. यावेळी वाघ ऐकता ऐकता झोपी गेला आणि म्हातारी पाय न वाजवता निघून गेली. छान होती तीही. पण ती ती नव्हती.

मी वाघाची आई आठवणीतून परत लिहिली. दात पडलेले, काहीतरी मऊ आणायला सांगणं, सगळं आठवलं. पण आजी ते ज्या वाक्यांत बोलली होती, ती वाक्यं परत आली नाहीत. गोष्ट माझ्या भाषेत झाली. आजी ८१ वर्षांची आहे. तिचं प्रत्येक सांगणं एकदाच होतं, हे मला त्या कोऱ्या पानाने शिकवलं.

म्हणून आता माझे तीन नियम आहेत:

• मजकूर आधी गुगल डॉक्समध्ये किंवा वहीत लिहायचा, मगच साधनात टाकायचा. टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला, तो लिहून घेतो.

• उठण्याआधी रोज गोष्टीची फाइल उतरवून घ्यायची आणि स्वतःला मेल करून ठेवायची. ट्वाइनमध्ये यासाठी सगळ्या गोष्टींची एक एकत्र फाइल काढण्याची सोय आहे. शक्य असेल तर ट्वाइनची संगणकावर बसवायची आवृत्तीच घ्या. तिच्यात गोष्टी फाइल म्हणून तुमच्या संगणकावर राहतात.

• आजी-आजोबा गोष्ट सांगत असतील तर आधी रेकॉर्डिंग. त्यांना विचारून, अर्थातच.

मग घ्यायचं काय?

माझं मत सरळ आहे.

पहिल्यांदाच करताय, हातात फक्त फोन आहे आणि गोष्टीला काही लक्षात ठेवायचं नाही, तर गुगल फॉर्म.

लॅपटॉप मिळतोय आणि गोष्टीला एक-दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत, तर ट्वाइन. घरगुती मराठी गेमबुकसाठी मला हेच सगळ्यात सोयीचं वाटलं.

संवाद भरपूर आणि लिहिण्याचा सराव आहे, तर इंक. चित्रं आणि संगीत हवंय, हाताशी वेळ आहे, तर रेनपाय.

तयार फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवता येते, पण काही फोनवर ती नीट उघडत नाही. त्यापेक्षा इच डॉट आयओ या वेबसाइटवर फुकट चढवा आणि लिंक पाठवा. फक्त घरच्यांसाठीच असेल तर पासवर्ड लावायची सोयही तिथे आहे.

आमची गोष्ट दिवाळीच्या आधी पूर्ण झाली. लिंक पाठवली त्या दिवशी ताईचा फोन आला. भाचा इंदूरला हिंदी-इंग्रजी शाळेत शिकतो. देवनागरी येते, मराठी बोलतो, पण मराठी पुस्तक हातात दिलं की दोन ओळींत ठेवून देतो. त्या दिवशी त्याने पाचही शेवट शोधले. मध्येच येऊन विचारलं, "आई, शिदोरी मतलब?" ताईने सांगितलं तर म्हणाला, "अच्छा, टिफिन!" आणि परत वाचायला बसला.

संध्याकाळी मला फोन केला. "मावशी, तू कोल्ह्याला भाकरी दिली तर तो येतो, मला कळलं. पण वाघाच्या आईला भोपळाच दिला तर? तो मऊ असतो ना, शिजवल्यावर?"

हे माझ्या २३ तुकड्यांत नव्हतंच. आजीच्याही डोक्यात नव्हतं. आता २४ वा तुकडा तो स्वतः लिहितोय, वहीच्या मागच्या पानावर. आणि रविवारी आजीला तो वाचून दाखवणार आहे. रेकॉर्डिंग मी लावणार आहे.

तर मंडळी, या रविवारी घरातल्या कुणाला तरी एक ओळखीची गोष्ट सांगायला लावा आणि मध्येच विचारा, "आणि तसं झालं नाही तर?" उत्तर लगेच लिहून घ्या. दहा तुकडे झाले की साधन उघडा. तुमच्या घरातली गोष्ट कुठल्या फाट्यावर वळली, ते मला जरूर कळवा.

पुन्हा भेटूच!